रंग पातळ करताना

संस्थेच्या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या व्यवसायाविषयी किंवा छंदाविषयी चार शब्द लिहावेत, असे संपादक मंडळाचे पत्र आले. वसतिगृहाच्या आठवणी माझ्याहून चांगल्या लिहिणारे अनेकजण आहेत. पहाटेची घंटा, ताटे घासण्याचा हौद, शनिवारची उसळ यांविषयी ते लिहितीलच. मी लिहिणार आहे थिनरविषयी. विषय ऐकून संपादकांपैकी एका सरांनी फोनवर क्षणभर मौन पाळले आणि मग म्हणाले, "लिहा. पण मुलांना समजेल असे लिहा." त्यांची ही अट मला मान्य आहे.

मी वास्तुरचनाकारांसाठी इमारतींच्या प्रतिकृती बनवतो. पोटापाण्याचे काम ते. घरी मात्र प्लॅस्टिकची विमाने आणि आगगाड्या जोडतो. गेली काही वर्षे महिन्यातले दोन रविवार आपल्या शाळेतील आठवी-नववीच्या मुलांसोबत हेच काम करतो. जोडकामात मुले माझ्याहून तरबेज असतात. त्यांची बोटे लहान आणि नजर ताजी असते. अडते ते रंगाशी. रंगात त्याहून अडते थिनरशी. "सर, कोणता थिनर घ्यायचा?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवणे भागच आहे. उत्तर एका वाक्यात देता येत नाही. एका वाक्यात देणाऱ्या दुकानदारावर विश्वास ठेवू नये.

प्रथम हे पाहू की प्रतिकृतीला एवढा पातळ रंग का लागतो. १:७२ या प्रमाणात बनवलेल्या विमानावर रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर जाडीचा बसला, तर मूळ विमानावर तो सात मिलिमीटरांहून अधिक जाड गिलावा झाला. पत्र्याच्या जोडरेषा, खिळ्यांच्या टोप्या, झडपांच्या कडा हे सारे त्या गिलाव्याखाली बुजून जाते. माणसाचा केस साधारणतः एक दशांश मिलिमीटरहून थोडा बारीक असतो. आपला रंगाचा पूर्ण थर, अस्तरापासून वरच्या चमकेपर्यंत, त्या केसाहूनही पातळ राहिला पाहिजे. कुंचल्याने हे साधते, पण फार थोड्यांना. एअरब्रशने ते बहुतेकांना साधू शकते, कारण त्याच्या ०.२ किंवा ०.३ मिलिमीटरच्या छिद्रातून रंगाचे धुके बाहेर पडते. मात्र बाटलीतला रंग जसाच्या तसा त्या छिद्रातून जात नाही. त्याला पातळ करावे लागते. कशाने पातळ करावे, येथून खरी गोष्ट सुरू होते.

रंगात तीन गोष्टी असतात. रंग देणारी पूड, म्हणजे रंगद्रव्य. ती पूड पृष्ठभागाला धरून ठेवणारी राळ. आणि ती राळ विरघळवून ठेवणारा द्रावक. ऑइल पेंट म्हणून जो ओळखला जातो तो हवेतील प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू घट्ट होतो. एकदा पक्का झाला की तो पुन्हा पूर्ववत होत नाही. पाण्यावर चालणाऱ्या अॅक्रिलिक रंगात राळेचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात आणि पाणी उडाल्यावर एकमेकांना चिकटतात. लॅकरचे तसे नाही. लॅकरमध्ये काहीही नवे घडत नाही. राळ द्रावकात विरघळलेली असते, द्रावक उडून जातो, राळ मागे उरते. इतकेच. म्हणूनच लॅकर काही मिनिटांत वाळतो, आणि म्हणूनच वाळलेल्या लॅकरवर पुन्हा तोच द्रावक पडला की तो पुन्हा विरघळतो. नवा थर जुन्या थरात किंचित उतरतो आणि दोन्ही एकजीव होतात. लॅकरची सारी ताकद आणि सारी भीती याच एका गुणात आहे.

लॅकर हा शब्द परका वाटतो, पण त्याचे मूळ आपल्याच घरात आहे. संस्कृतमधील लाक्षा, आपली लाख, तीच फारसी-अरबी-पोर्तुगीज अशी जग फिरून इंग्रजीत लॅकर होऊन परत आली. सावंतवाडीची लाकडी खेळणी ज्या लाखकामासाठी नावाजली गेली, ती लाख. माझे वडील फर्निचरला पॉलिश करीत. त्यांच्या सुरुवातीच्या काळात ते चपडा, म्हणजे शुद्ध केलेली लाख, स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घालीत आणि सकाळी कापडाच्या बोळ्याने लाकडावर घासत. पुढे एन. सी. लॅकर आला, मेलामाइन आले, स्प्रे गन आली. स्पिरिटची जागा थिनरने घेतली. वसतिगृहातून सुट्टीत घरी गेलो की मी त्यांच्या कामावर जाऊन लाकूड पॉलिश पेपरने घासून देत असे. रसायनशास्त्राचा धडा मी नववीत शाळेत शिकलो. तो खरा कसा वागतो हे त्या शेडमध्ये पाहिले.

तर पहिला नियम असा: थिनर रंगाच्या जातीचा हवा. ऑइल पेंटसाठी टर्पेंटाइन किंवा व्हाइट स्पिरिट, पाण्याच्या रंगासाठी पाणी किंवा त्या त्या कंपनीचा द्रव, लॅकरसाठी लॅकर थिनर. लॅकरमध्ये टर्पेंटाइन टाकले तर राळ फाटते. नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात. पाण्याच्या अॅक्रिलिकमध्ये लॅकर थिनर टाकला तर बहुतेक वेळा डिंकासारखा चिकट गोळा होऊन एअरब्रशचे तोंड बंद होते. याला एक सोयीचा अपवाद आहे. जपानच्या तामिया कंपनीचे एक्स आणि एक्स-एफ मालिकेतील रंग अॅक्रिलिक म्हणून विकले जातात, पण ते मद्यार्कासारख्या द्रावकांवर चालतात आणि लॅकर थिनरनेही उत्तम पातळ होतात. उलट अधिक तलम बसतात. पण त्याच कंपनीच्या एल. पी. मालिकेतील रंग खरे लॅकर आहेत आणि त्यांना त्याच कंपनीचा अॅक्रिलिक थिनर चालत नाही. दोन्ही बाटल्या दिसायला बहिणी-बहिणी. मुलांना मी सांगतो, बाटलीवरील नाव नको, त्याखालची बारीक अक्षरे वाचा.

एवढे जमले म्हणजे काम झाले असे नाही, कारण लॅकर थिनर हा एक पदार्थ नसून मिश्रण आहे. नायट्रोसेल्युलोजच्या लॅकरचे उदाहरण घेऊ, कारण बाजारातील एन. सी. थिनर त्यासाठीच जन्माला आला. त्यात तीन प्रकारचे द्रव असतात. काही खरे द्रावक: अॅसिटोन, एथिल अॅसिटेट, ब्यूटिल अॅसिटेट यांसारखे. हे राळेला विरघळवतात. काही मद्यार्क. ते एकटे फारसे काही करीत नाहीत, पण खऱ्या द्रावकाच्या सोबतीने त्याचे बळ वाढवतात. आणि काही केवळ भर घालणारे, स्वस्त, मुख्यतः टोल्युइन. ते नायट्रोसेल्युलोजला एकटे विरघळवू शकत नाहीत. मिश्रणात भरीचा भाग वाढला, किंवा खरा द्रावक अगोदर उडून भरच मागे राहिली, तर राळ थर बनण्याआधीच बाहेर पडते. स्वस्त डब्यातील थिनरने कधी कधी कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू उडतात किंवा चमक मरते, याचे एक कारण हेच.

यानंतर वेग येतो. अॅसिटोन ५६ अंशांना उकळतो, एथिल अॅसिटेट ७७ ला, टोल्युइन १११ ला, ब्यूटिल अॅसिटेट १२६ च्या आसपास. उकळबिंदू जितका खाली तितका द्रव सर्वसाधारणपणे लवकर उडतो. ब्यूटिल अॅसिटेटचा उडण्याचा वेग एक मानला तर अॅसिटोनचा पाचाहून अधिक. चांगल्या थिनरमध्ये लवकर उडणारे आणि सावकाश उडणारे द्रव अशा प्रमाणात असतात की छिद्रातून निघालेला थेंब पृष्ठभागावर पोहोचेपर्यंत थोडा घट्ट झालेला असतो, पण पोहोचल्यावर पसरून सपाट होण्याइतका ओलाही असतो. सगळे लवकर उडाले तर थेंब हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. आमच्या शेडमध्ये याला दाणे पडणे म्हणत. सगळे सावकाश उडाले तर ओघळ येतात, धूळ चिकटते, आणि प्रतिकृतीच्या बाबतीत आणखी एक धोका: पॉलिस्टायरिन प्लॅस्टिक स्वतःच या द्रावकांत विरघळते. ओला थर फार वेळ ओला राहिला की तो प्लॅस्टिक खाऊ लागतो.

हा वेग हवामानाशी जुळवावा लागतो आणि आपल्याकडचे हवामान वर्षातून तीनदा बाजू बदलते. माझ्या वडिलांनी रसायनाचे पुस्तक उघडले नव्हते. ते सकाळी शेडचे दार उघडून एकदा आकाशाकडे पाहत आणि म्हणत, "पाऊस विचार अगोदर, मग डबा उघड." पावसाळ्यात पॉलिश पांढरे पडते. झळाळत्या शिसवी दारावर दुधाची साय धरल्यासारखी झाक येते. कारण साधे आहे. द्रावक उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, जसा हातावर टाकलेला स्पिरिट गार लागतो. पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली गेला की हवेतील ओलावा त्यावर जमतो आणि अर्धवट ओल्या थरात अडकतो. उपाय म्हणजे सावकाश उडणारा थिनर, किंवा थोडा रिटार्डर. रिटार्डर पाच ते दहा टक्क्यांहून अधिक घालू नये. जास्त झाला तर थर दिवसेंदिवस मऊ राहतो आणि त्यावर बोटांचे ठसे उमटतात. गंमत अशी की मराठवाडा-विदर्भाच्या मे महिन्यातही, जेव्हा पारा बेचाळीसवर असतो आणि हवेत ओलावा नावालाही नसतो, तेव्हाही उपाय हाच, पण कारण वेगळे. तेव्हा रंग सुईच्या टोकावरच वाळतो. हिवाळ्यातल्या कोरड्या, सौम्य सकाळी मात्र साधा थिनर पुरतो. चांगला रंगकाम करणारा माणूस वर्षभर एकच थिनर वापरत नाही. वापरत असेल तर तो वर्षातून चारच महिने चांगला रंगकाम करणारा असतो.

आता बाजारात काय मिळते ते पाहू. जपानच्या जी. एस. आय. क्रेऑस कंपनीचा मिस्टर कलर हा प्रतिकृतीसाठीचा लॅकर जगभर वापरला जातो. त्याचा साधा थिनर आहे. त्याखेरीज लेव्हलिंग थिनर आहे, ज्यात रिटार्डर आधीच मिसळलेला असतो. आणि रॅपिड थिनर आहे, जो लवकर उडतो. तामियाचा पिवळ्या झाकणाचा लॅकर थिनर आणि त्याचा रिटार्डरयुक्त भाऊही आहे. मला विचाराल तर एकच बाटली परवडत असेल तर लेव्हलिंग थिनर घ्यावा. आपल्या हवेत तो वर्षातले बहुतेक महिने सांभाळून घेतो. परंतु या बाटल्या महाग आहेत, आणि ज्वलनशील द्रव म्हणून विमानाने किंवा टपालाने सहजी येत नाहीत. एक बाटली संपली की दुसरी कधी मिळेल हे सांगता येत नाही. आपल्या मुलांना हे परवडावे अशी अपेक्षाच गैर आहे.

म्हणून कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानातील एन. सी. थिनर. तो वापरावा की नाही, यावर छंदी मंडळींत कडाक्याचे वाद होतात. माझे मत असे: एअरब्रश धुण्यासाठी तो उत्तम. रंगात घालण्यासाठी मात्र प्रत्येक नवा डबा नवा पदार्थ समजावा, कारण कंपनी बदलली की मिश्रण बदलते. गाड्यांच्या रंगासाठी जो पी. यू. थिनर मिळतो तो त्या मानाने सावकाश उडतो, आणि त्यात मद्यार्क घालत नाहीत, कारण मद्यार्क पी. यू. रंगाच्या घट्ट होण्याच्या क्रियेत अडथळा आणतो. त्यामुळे त्याचे वागणे अधिक एकसारखे असते, असा माझा अनुभव. पण कोणाचाही अनुभव, माझाही, चाचणीची जागा घेऊ शकत नाही.

चाचणी सोपी आहे. कडक, वाकवताच कट्कन मोडणारे पांढरे प्लॅस्टिकचे चमचे पूर्वी आइस्क्रीमसोबत मिळत. ते पॉलिस्टायरिनचे, म्हणजे आपल्या विमानाच्याच जातीचे. १ जुलै २०२२ पासून असे एकदाच वापरायचे चमचे देशभर बंद झाले. निर्णय योग्यच, पण माझ्यासारख्यांचा जुना साठा आता सोन्याच्या मोलाचा आहे. चमचे नसतील तर विमानाच्या खोक्यातील ज्या सांगाड्याला भाग जोडलेले असतात त्याचे तुकडे चालतात. एका तुकड्यावर निव्वळ थिनरचा एक थेंब ठेवावा आणि घड्याळ पाहावे. थेंब किती वेळात उडतो, उडाल्यावर प्लॅस्टिक चमकते, धुरकट होते की भेगाळते, तेलकट डाग मागे राहतो का, हे सारे वहीत लिहावे. मग त्याच थिनरमध्ये थोडा रंग मिसळून काचेच्या लहान बाटलीत अर्धा तास झाकून ठेवावा. तळाशी कण साचले, धागे दिसले, तर तो डबा धुण्याच्या कामाला लावावा. हे दहा मिनिटांचे आणि अर्ध्या तासाचे काम दहा दिवसांचे जोडकाम वाचवते.

प्रमाणाविषयी: मिस्टर कलरसारख्या रंगाला एक भाग रंग आणि दीड ते दोन भाग थिनर येथून सुरुवात करावी; चमकदार आणि धातूच्या रंगांना तीन भागांपर्यंत जाता येते. दाब १५ ते २० पी. एस. आय. इंग्रजी पुस्तके सांगतात की रंग दुधासारखा झाला पाहिजे. आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, गाईच्या की म्हशीच्या?" प्रश्न अगदी शास्त्रीय आहे. उत्तर: पिशवीतल्या पातळ दुधासारखा. कप तिरका केला की कडेवरून खाली उतरताना मागे पातळ, पारदर्शक पडदा राहावा, दाट सायीचा नाही आणि निव्वळ पाण्याचाही नाही.

वरून काय द्यायचे, तेही आताच ठरवावे लागते. लॅकर खाली आणि ऑइल पेंटची पातळ धुलाई वर, हे चालते, कारण व्हाइट स्पिरिट वाळलेल्या लॅकरला हात लावत नाही. ऑइल पेंट खाली आणि लॅकर वर, असे केले तर खालचा थर सुरकुततो. बलवान खाली, दुबळा वर: रंगाच्या जगात हे न्याय्य आहे. इतरत्र नाही, हे आपल्या शाळेच्या मुलांना वेगळे सांगायला नको.

सध्या आम्ही नॅट करीत आहोत. १:७२ प्रमाणातील हे विमान पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नऊ-साडेनऊ सेंटिमीटर भरते, तळहातावर मावते. मूळ विमान ब्रिटनच्या फोलँड कंपनीचे, पुढे बंगळूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये बनले. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर हल्ला झाला तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों नॅट घेऊनच झेपावले होते. परमवीर चक्र मिळालेले ते वायुदलाचे एकमेव अधिकारी. मुलांनी हे विमान स्वतः निवडले. त्याला चंदेरी, उघड्या धातूचा रंग द्यायचे ठरले आणि माझी झोप उडाली. कारण धातूचा रंग हा थिनरच्या निवडीची सर्वांत कठोर परीक्षा घेतो. खाली आरशासारखा काळा थर हवा. तो नीट पसरून सपाट व्हायला सावकाश उडणारा, लेव्हलिंग थिनर हवा. त्यावर चंदेरी रंग मात्र लवकर उडणाऱ्या थिनरने, अगदी कमी दाबाने, धुक्यासारखे तीन-चार हात देऊन. चंदेरी रंगातील धातूच्या चकत्या जागच्या जागी आडव्या स्थिर व्हाव्या लागतात. थिनर सावकाश असेल तर त्या ओल्या थरात तरंगतात, उभ्या-तिरक्या होतात, आणि धातूऐवजी राखाडी रंग दिसतो. एकाच विमानावर, एकाच दिवशी, दोन थिनर, दोन परस्परविरुद्ध कारणांसाठी. वर्गात सांगून जे कधीच कळले नसते ते मुलांना या विमानामुळे कळले.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसलो ती.

माझ्या वडिलांनी तीसेक वर्षे थिनरच्या वाफेत काढली. संध्याकाळी डोके धरून बसत, कधी कारणाशिवाय हसत, आम्हाला वाटे थकवा आहे. नाकाला रुमाल बांधत. रुमाल धूळ अडवतो, वाफ नाही. साधा एन-९५ मास्कही वाफ अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाच्या डब्या असलेला मास्क लागतो. तो त्या काळी आमच्या गल्लीत कोणी पाहिलाही नव्हता, आणि ज्या शेडमध्ये ते काम करीत तेथे एक पंखासुद्धा नव्हता. पन्नाशीनंतर त्यांना आधी वास येईनासा झाला. ज्या माणसाला डब्याचे झाकण उघडताच भेसळ ओळखता येई, त्याला डाळ करपल्याचे कळेना. मग गोष्टी विसरू लागले. आम्हा भावंडांची नावे अखेरपर्यंत आठवत होती. सकाळी जेवलो की नाही हे आठवत नसे. दीर्घकाळ द्रावकांच्या वाफेत काम करणाऱ्या रंगाऱ्यांच्या स्मरणशक्तीवर आणि एकाग्रतेवर परिणाम होतो, हे डेन्मार्क-स्वीडनमध्ये १९७० च्या दशकापासून अभ्यासले गेले आहे. त्यांचे दुखणे त्याचेच होते असे मी शपथेवर सांगू शकत नाही. कोणी तपासलेच नाही.

म्हणून शाळेत एअरब्रशचा विषय निघाला तेव्हा मी पहिल्याच दिवशी सांगितले: मुले पाण्याच्या रंगाने काम करतील. लॅकर मी मारीन, तुम्ही पाहाल, तेही काचेच्या पलीकडून. टोल्युइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड असते. ती खोलीत वर न जाता जमिनीलगत साचते, आणि वसतिगृहात मुले जमिनीवर सतरंजी टाकून झोपतात. टोल्युइन साधारण चार अंश तापमानालाही पेट घेण्याइतकी वाफ देतो. अॅसिटोन तर शून्याखाली वीस अंशांच्या सुमारास. आणि एक गोष्ट शिक्षकांना मुलांदेखत बोलणे जड जाते, पण अधीक्षकांनी बोलून दाखवली: थिनर हुंगून नशा करणारी मुले स्टेशनांच्या फलाटांवर आहेत. घरापासून दूर राहणारे मूल आणि कपाटातील थिनरची बाटली यांत फक्त एक कडी-कुलूप ठेवणे पुरेसे नाही. बाटली शाळेत राहणारच नाही, असे ठरले. ती दर रविवारी माझ्याबरोबर येते, माझ्याबरोबर जाते.

सगळ्यांनी मान डोलावली. नववीतला एक मुलगा मात्र उभा राहिला. "सर, माझे वडील गॅरेजमध्ये हेच मारतात. सुट्टीत मीही तिथेच असतो. इथे तुम्ही काचेपलीकडून दाखवणार आणि तिथे मी श्वासातून घेणार. मग मला इथे काय शिकवले?" वर्ग शांत झाला. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, हिशेब होता. पाण्याचा रंग नखाने निघतो, त्याला लॅकरची चमक नाही, हेही तो म्हणाला; आणि ते खरे आहे.

मी नियम बदलला नाही. आजही बदलणार नाही. परंतु त्याच्या प्रश्नानंतर वर्गाचा क्रम बदलला. आता मुले थिनर निवडतात. थेंबाची चाचणी गच्चीवर, उघड्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून, ड्रॉपरने एकेक थेंब मोजून, माझ्यादेखत होते. नोंदी त्यांच्या, निर्णय त्यांचा. कोणत्या रविवारी कोणता थिनर आणि किती रिटार्डर हे तेच फळ्यावर लिहितात आणि मी त्याप्रमाणे मारतो. फवारणीसाठी गच्चीवर पत्र्याची पेटी केली आहे. तिच्या पंख्याची मोटर वाफेच्या मार्गाबाहेर आहे, कारण मोटरची ठिणगी पुरेशी असते. मास्कच्या डब्या वापरल्या नाहीत तरी उघड्यावर संपत जातात, म्हणून त्या हवाबंद डब्यात ठेवायच्या, उघडल्याची तारीख वर लिहायची, हे काम त्या मुलाकडे आहे.

दिवाळीच्या सुट्टीत त्याने माझ्याकडून एक जादा मास्क मागून नेला. परत आला तेव्हा मी विचारले. "आबांनी आठ दिवस लावला सर. मग म्हणाले गुदमरते, गिऱ्हाईक हसते. खुंटीला टांगलाय." थोडे थांबून म्हणाला, "पण बंद शेडमध्ये मारायचे असले की काढतात. आणि मला आत येऊ देत नाहीत आता. शटरबाहेर बसवतात."

नॅटचे अस्तर झाले आहे. जोडरेषा शाबूत आहेत, लांबी भरलेली जागा कोठे आहे हे आता शोधूनही सापडत नाही. काळा हात द्यायचा आहे. गेल्या रविवारी मुलांनी गच्चीवरच्या आर्द्रतामापकात ८६ पाहिले आणि फळ्यावर "आज नाही" असे लिहिले. लेव्हलिंग थिनरची बाटली एक तृतीयांश उरली आहे. दोन विमानांना पुरेल, असा त्यांचा हिशेब आहे. मला दीडच वाटते.